ज्वारीचा अर्क, रंगाचे पाणी आणि केळ्याचा डीएनए : सोलापुरातील एका जैवतंत्रज्ञान वर्गाचे परीक्षण

सोलापूर शहरात आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीच्या काळात दोन आठवड्यांचा जैवतंत्रज्ञान प्रकल्पवर्ग एका खासगी प्रयोगशाळेत चालतो. शुल्क साडेचार हजार रुपये आहे, चार-चार मुलांचे गट असतात आणि वर्ग संपल्यावर घरी प्रयोग करण्यासाठी साहित्याची एक पेटी मिळते. माझी नववीतील पुतणी आणि आमच्या शाळेतील काही विद्यार्थी मे महिन्याच्या वर्गाला होते. मी स्वतः माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि पालकांना मागच्या बाकावर बसून पाहण्याची मुभा असल्याने बहुतेक प्रयोग मला जवळून पाहता आले. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा प्रकारचे वर्ग आता ठिकठिकाणी निघत आहेत आणि कोणत्याही वर्गाला पाल्य पाठवण्यापूर्वी काय पाहावे, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. या वर्गातील दोन प्रकल्प इतके चांगले आहेत की केवळ त्यांच्यासाठीही मी पालकांना शुल्क भरण्यास सांगेन. उरलेल्यांपैकी काही नुसते देखणे आहेत आणि घरी मिळणारी पेटी मात्र आहे त्या स्वरूपात मुलांच्या हातात देऊ नये. चांगला प्रकल्प आणि देखणा प्रकल्प यांतील फरक मी एकाच कसोटीवर ठरवतो : उत्तर काय येणार हे मुलाला आधी ठाऊक नसावे, आणि आलेले उत्तर चुकीचे आहे का, हे तपासण्याची सोय त्या प्रयोगातच असावी.

पहिल्या दिवशी मुलांना डीएनए, जनुके वगैरे काहीही सांगितले नाही, हे मला फार आवडले. त्यांच्या हातात मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव अचूक मोजण्याचे उपकरण, दिली आणि वजनकाट्यावर पाणी मोजायला लावले. पिपेटचा खटका दोन टप्प्यांत दाबला जातो. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून शेवटचा थेंबही बाहेर काढायचा असतो. मुले हमखास ओढतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतात आणि जास्त द्रव घेतात. एक मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम भरते, म्हणून शंभर मायक्रोलिटर पाण्याने काट्यावर ०.१ ग्रॅम दाखवले पाहिजे, आणि काटा वेगळे काही दाखवत असेल तर दोष हाताचा की उपकरणाचा, हे मुलांनी स्वतः शोधायचे. पहिला तास कंटाळवाणा झाल्याची तक्रार काही पालकांनी केली. मला ती मान्य नाही, कारण पुढे ज्या गटांचे निकाल विश्वासार्ह आले, त्यांनी हाच तास मन लावून केला होता.

यानंतर आला केळ्याचा डीएनए. हा प्रयोग आता प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात दिसतो. केळे कुस्करायचे, त्यात भांडी घासण्याचा द्रव साबण व मीठ घालायचे, गाळायचे आणि वरून थंडगार अल्कोहोल अलगद ओतायचे. साबणामुळे पेशीपटलांतील मेद विरघळतो व पेशी फुटते, मिठामुळे डीएनएवरील ऋण प्रभार झाकला जातो आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नसल्याने तो पांढऱ्या धाग्यांसारखा वर येतो. स्विस संशोधक फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला, ही माहिती शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितली तेव्हा मुलांनी नाके मुरडली, पण ती त्यांच्या लक्षात राहिली. अडचण पुढे आहे. केळ्यात पेक्टिन हा फळांतील चिकट पदार्थ भरपूर असतो आणि तोही अल्कोहोलमध्ये साकळून वर येतो. म्हणजे परीक्षानळीत तरंगणारा तो पांढरा पुंजका किती डीएनए आहे आणि किती पेक्टिन, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. वर्गात मात्र मुलांना ‘हा पाहा डीएनए’ असे सांगून छायाचित्रे काढायला लावली. माझ्या पुतणीने वहीत लिहिले, ‘आम्ही डीएनए पाहिला.’ त्या वाक्याखाली प्रश्नचिन्ह असायला हवे होते आणि ते काढायला शिकवणे हेच तर शिक्षकाचे काम आहे.

विशेष म्हणजे त्याची सोय त्याच खोलीत होती. दुसऱ्या दिवशी जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा प्रयोग झाला. ॲगारोज या आगारातून काढलेल्या पदार्थाच्या पारदर्शक वडीत (हीच जेल) खाचा करून त्यांत डीएनए भरतात आणि वीजप्रवाह सोडला की ऋण प्रभाराचा डीएनए धन टोकाकडे सरकतो; लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. यासाठी विकत आणलेला लॅम्डा विषाणूचा डीएनए वापरला. त्याची लांबी ४८,५०२ बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आहे आणि हिंड थ्री या विकराने कापल्यावर त्याचे आठ तुकडे होतात. मुलांनी पट्टे मोजले तर कुणाला सहा दिसले, कुणाला सात. मग उरलेले कुठे गेले? सर्वांत लहान तुकडा केवळ १२५ जोड्यांचा असतो आणि तो फारसा रंग धरत नाही, म्हणून तो दिसत नाही, या उत्तरापर्यंत सरांनी मुलांना प्रश्न विचारत विचारत आणले. तो अर्धा तास संपूर्ण वर्गातील उत्तम अध्यापनाचा नमुना होता. पण आदल्या दिवशीचा केळ्याचा अर्क शेवटच्या खाचेत भरला असता तर मुलांना त्यांच्या पांढऱ्या पुंजक्यात खरोखर डीएनए आहे का, हे कळले असते, कारण डीएनएवर चढणारा रंग पेक्टिनवर चढत नाही. ही सूचना मी लेखी दिली आहे. एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे : डीएनए रंगवण्यासाठी प्रयोगशाळांत पूर्वापार वापरले जाणारे, उत्परिवर्तन घडवू शकणारे एथिडियम ब्रोमाइड इथे मुलांच्या जवळपासही नव्हते. निळ्या प्रकाशात चमकणारे, त्या मानाने सुरक्षित रंगद्रव्य वापरले होते.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार मात्र वेळापत्रक ठरवताना कुणी केलेला दिसला नाही. ॲगारोज साधारण ३६ अंशांच्या आसपास गोठते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचे तापमान चाळीसच्या पुढे असते, आणि त्या दिवशी वीज गेल्यावर वातानुकूलन बंद पडले, तेव्हा साच्यात ओतलेली जेल बराच वेळ पातळच राहिली. अखेर बर्फाच्या थाळीवर साचा ठेवून काम भागवले, पण तोवर दोन गटांची पाळी पुढच्या दिवसावर गेली. उष्णतेत प्रयोग का बिघडला, हे मुलांना समजावून सांगितले असते तर त्या खोळंब्याचाही धडा झाला असता. ज्यांना शक्य असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतील वर्ग निवडावा, असे मी सांगेन.

आता ज्या दोन प्रकल्पांसाठी हा वर्ग मला मोलाचा वाटतो, त्यांच्याकडे वळतो.

पहिला ज्वारीचा. मालदांडी ज्वारी सोलापूर जिल्ह्याची ओळख आहे. मोहोळच्या संशोधन केंद्राशी जोडले गेलेले ‘एम ३५-१’ हे वाण आजही रब्बीत पेरले जाते. मुलांनी घरून आणलेले दाणे भिजवून मोड आणले आणि कोरडे, भिजवलेले, एक दिवस मोड आलेले, दोन दिवस मोड आलेले अशा वेगवेगळ्या दाण्यांचा अर्क काढला. पेट्री डिशमध्ये स्टार्च मिसळलेले आगार घट्ट करून त्यात छोटी छिद्रे पाडली आणि प्रत्येक छिद्रात एकेक अर्क भरला. काही तासांनी वर आयोडिन ओतले की जिथे स्टार्च शिल्लक आहे तो भाग निळा-काळा होतो आणि जिथे अर्कातील अमायलेज या विकराने स्टार्च फोडला आहे तिथे स्वच्छ गोल वर्तुळ उरते. दाण्याला मोड येताना कोंबाला अन्न पुरवण्यासाठी हे विकर तयार होते, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले वाक्य मुलांनी पट्टीने मोजून पाहिले. सोबत एका छिद्रात उकळलेला अर्क भरला होता आणि तिथे वर्तुळ उमटले नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होते. या एका छिद्रामुळे प्रयोग पक्का झाला. स्टार्च फोडणारी गोष्ट अर्कातील विकरच आहे, दाण्यातील दुसरे काहीतरी नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार मुलांना त्या कोऱ्या छिद्राने दिला. एका गटाचे आकडे उलटे आले, एक दिवसाच्या मोडाचे वर्तुळ दोन दिवसांच्या मोडापेक्षा मोठे. सरांनी ते आकडे खोडायला सांगितले नाहीत. दाणे सारख्या वजनाचे घेतले होते का, पाणी सारखे घातले होते का, हे तपासायला लावले आणि शेवटी त्या गटाने प्रयोग पुन्हा केला. ज्वारीचे कच्चे मोड खाऊ नयेत, कारण कोवळ्या ज्वारीत सायनाइड सोडणारे द्रव्य असते, ही सूचना त्यांनी सुरुवातीलाच दिली. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे ग्रामीण भागातून आलेल्या मुलांना आधीच माहीत होते. त्यांनीच ते शहरी मुलांना सांगितले.

दुसरा प्रकल्प रंगाच्या पाण्याचा आणि माझ्या दृष्टीने तो संपूर्ण वर्गाचा कळस आहे. चादरी आणि टॉवेल ही सोलापूरची रोजीरोटी, आणि सुताला रंग देणाऱ्या कारखान्यांतून येणारे रंगीत सांडपाणी हा या शहराचा जुना प्रश्न. कापडाच्या रंगांपैकी फार मोठा वाटा ॲझो प्रकारच्या रंगांचा आहे. त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध असतो आणि ऑक्सिजन कमी असताना काही जिवाणू तो बंध तोडतात, त्यामुळे रंग नाहीसा होतो. मुलांना माहितीतील एका ॲझो रंगाचे सौम्य द्रावण दिले आणि शेतातील मातीतून वाढवलेले जिवाणू बंद नळ्यांत त्याच्यासोबत ठेवले. तीन प्रकारच्या नळ्या होत्या : एकीत जिवंत जिवाणू, दुसरीत उष्णतेने मारलेले जिवाणू, तिसरीत केवळ पोषकद्रव्य. काही दिवसांनी पहिली नळी जवळजवळ रंगहीन झाली, तिसरीत फरक पडला नाही आणि दुसरीतील रंग किंचित फिकट होऊन तळाशी रंगीत गाळ बसला. मेलेल्या जिवाणूंच्या पृष्ठभागावर रंग चिकटतो, त्याला रंगाचे विघटन म्हणता येणार नाही. दुसरी नळी नसती तर दोन्ही गोष्टी एकच वाटल्या असत्या. मोठ्यांच्या संशोधनातही ही गफलत होऊ शकते, आणि इथे ती नववीच्या मुलांनी आपल्या डोळ्यांनी ओळखली.

पूर्व भागातून आलेल्या, घरी यंत्रमाग असलेल्या एका मुलाने तेव्हा विचारले, “मॅडम, मग आता हे पाणी नाल्यात सोडलं तर चालेल का?” मॅडमनी उत्तर दिले नाही. त्यांनी विचारले, “तुला कसं कळेल?” बराच वेळ चर्चा झाली आणि मुलांनीच मेथीचे दाणे त्या पाण्यात उगवून पाहायचे ठरवले. रंग गेलेल्या पाण्यातील मुळे साध्या पाण्यातील मुळांपेक्षा आखूड राहिली. ॲझो बंध तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांतील काही मूळ रंगापेक्षाही घातक असू शकतात, ही गोष्ट मॅडमनी त्यानंतर सांगितली. पाणी नितळ दिसते म्हणून ते शुद्ध झाले असे नाही, हे या शहरातील मुलांना याहून चांगल्या रीतीने कसे शिकवता आले असते, हे मला सुचत नाही. त्यातही एक उणीव राहिली : मुळे आखूड राहण्याचे कारण पोषकद्रव्यातील क्षारही असू शकतात, म्हणून मेथीचे काही दाणे नुसत्या पोषकद्रव्यात उगवायला हवे होते. ही उणीव माझ्या आधी दोन मुलींनी दाखवून दिली, हेच त्या प्रकल्पाचे यश मानतो. त्या मुलाने आपल्या भागातील नाल्याचे पाणी आणू का, असेही विचारले होते. अज्ञात सांडपाण्यात काय मिसळले असेल ते सांगता येत नसल्याने त्याला नकार देण्यात आला आणि तो निर्णय योग्यच होता.

इतर गोष्टींविषयी थोडक्यात. यीस्ट सोडियम अल्जिनेटमध्ये मिसळून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब सोडले की त्याचे मऊ मणी तयार होतात आणि ते उसाच्या रसात टाकले की वायूचे बुडबुडे धरून वर येतात; साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा प्रयोग शोभतो, मुलांना तो अतिशय आवडला, पण मोजमाप काहीच केले गेले नाही. डाळिंबावरील तेल्या रोगाचा तास केवळ चित्रांचा होता. रोगाचे जिवाणू प्रत्यक्ष वाढवले नाहीत हे योग्यच झाले, कारण ज्या पिकावर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे अवलंबून आहेत त्याचा रोग हौसेखातर प्रयोगशाळेतून बाहेर जाण्याचा धोका कुणी पत्करू नये. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे; परवानगी घेऊन तिथे एक भेट ठेवली तर हा तास कितीतरी भरीव होईल.

ऊतिसंवर्धनाबाबत, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यापासून बाटलीत रोप वाढवण्याच्या प्रयोगाबाबत, माझी तक्रार आहे. मुलांनी लॅमिनार एअरफ्लोच्या स्वच्छ हवेत केळीच्या कोंबाचा तुकडा मुराशिगे आणि स्कूग यांच्या माध्यमात, म्हणजे १९६२ पासून जगभर वापरात असलेल्या पोषक मिश्रणात, ठेवला आणि ती बाटली घरी दिली. अशा बाटल्यांना साधारण पंचवीस अंश तापमान आणि ठरावीक प्रकाश लागतो. मे महिन्यात सोलापूरच्या घरात ते कुठून मिळणार? बहुतेक बाटल्यांत आठवडाभरात बुरशी आली आणि मुलांना वाटले की आपलेच काहीतरी चुकले. त्या बाटल्या प्रयोगशाळेतच वाढवून मुलांना अधूनमधून पाहायला बोलवावे, एवढाच बदल पुरेसा आहे.

जाहिरातीच्या पत्रकावर ‘जनुकीय अभियांत्रिकी प्रत्यक्ष करा’ असे छापले आहे. प्रत्यक्षात जेलीफिशमधील हिरवे चमकणारे प्रथिन जिवाणूत कसे घालतात याची एक चित्रफीत दाखवली गेली. या प्रथिनाच्या शोधासाठी व विकासासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियन यांना मिळाले होते आणि चित्रफीत चांगली होती. आपल्या देशात जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचे तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू होतात. हौशी वर्गाने तो प्रयोग न करणे हेच रास्त आहे. मग पत्रकावर ते वचन कशाला? हे वाक्य वाचूनच प्रवेश घेतलेल्या एका मुलीचा हिरमोड मी पाहिला. ते वाक्य काढून टाकावे.

शेवटी पेटीविषयी, कारण यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पेटीत तयार पेट्री डिश, कापसाचे बोळे, हातमोजे आणि इंग्रजीतील एक सूचनापत्र आहे. त्यात दाराची कडी, स्वच्छतागृह आणि नाक येथून बोळा फिरवून जिवाणू वाढवा असे लिहिले आहे, पण डिश चिकटपट्टीने बंद करावी, पुन्हा उघडू नये आणि नंतर नष्ट कशी करावी, याचा उल्लेखही नाही. वर्गात हेच काम अगदी नीट केले होते : डिश बंद ठेवल्या, शरीराच्या तापमानाला न वाढवता कमी तापमानाला वाढवल्या आणि शेवटी १२१ अंशांवर, पंधरा पौंड दाबाखाली निर्जंतुक करून मगच टाकल्या. घरी ही काळजी कोण घेणार? नाकातून किंवा स्वच्छतागृहातून घेतलेल्या नमुन्यात रोगकारक जिवाणू असू शकतात आणि एकेक जिवाणू वाढून लाखोंची वसाहत होते. पालकांनी त्या डिश वापरू देऊ नयेत. वापरायच्याच असतील तर दह्याच्या निवळीसाठी वापराव्यात, पट्टीने बंद ठेवाव्यात आणि टाकण्यापूर्वी प्रयोगशाळेत परत न्याव्यात. सूचनापत्र मराठीतही हवे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले मराठी माध्यमाची होती आणि सुरक्षिततेच्या सूचना त्यांना न कळणाऱ्या भाषेत देणे हे मला अक्षम्य वाटते. संस्थेने पुढच्या वर्गापूर्वी पत्र बदलण्याचे तोंडी मान्य केले आहे.

ज्यांची मुले होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी किंवा राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प शोधत आहेत, त्यांनी या वर्गातून तयार प्रकल्प मिळेल या अपेक्षेने जाऊ नये. ज्वारीच्या किंवा रंगाच्या पाण्याच्या प्रयोगातून एखादा स्वतःचा प्रश्न मात्र नक्की घेऊन येता येईल. माझी पुतणी सध्या मालदांडी आणि संकरित ज्वारीच्या मोडांतील अमायलेजची तुलना करते आहे आणि त्यासाठी लागणारे स्टार्च, आगार व आयोडिन आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. प्रवेश घेताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : एका शिक्षकामागे किती मुले असतील, प्रत्येक प्रयोगात तुलनेची नळी किंवा डिश असते का, आणि वापरलेल्या डिशची विल्हेवाट कशी लावतात. आमच्या वर्गात चोवीस मुलांमागे दोन शिक्षक होते आणि ते प्रमाण पुरेसे होते. याहून मोठा गट असेल तर पिपेटचा पहिला तास नीट होणार नाही आणि तो नीट झाला नाही तर पुढच्या मोजमापांवर भिस्त ठेवता येणार नाही.